आधीचा आकडा

मे संपत आला की मोलगीच्या वाटांवर आमचूर वाळताना दिसतं. कैऱ्या सोलायच्या, फोडी करायच्या आणि उन्हात पसरायच्या. पांढऱ्या फोडी आधी पिवळट होतात, मग तपकिरी, मग पोत्यात भरून मोलगीच्या बाजारात येतात. अक्कलकुवा तालुक्यातल्या पाड्यांना वर्षाच्या या टोकाला रोख पैसा देणाऱ्या ज्या मोजक्या गोष्टी आहेत, त्यातली ही एक. फोडी पसरायला अंगण पुरलं नाही तर उघडा पडलेला सपाट खडक शोधतात. दुपारी त्या खडकावर अनवाणी पाऊल टेकवत नाही, म्हणून आमचूर तिथे लवकर वाळतं.

तो खडक काळा आहे. दख्खनचा बेसाल्ट, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून वर आलेला लाव्हा. नंदुरबार-धुळ्याच्या पठारावर त्या भेगांचे व्रण अजून उभे आहेत: भिंतीसारखे सरळ धावणारे काळे कणे, ज्यांना भूवैज्ञानिक डाइक म्हणतात. त्यातले काही कित्येक किलोमीटर लांब आहेत. शेतकऱ्याला ती टेकडीची रांग वाटते. प्रत्यक्षात ती थंड झालेली भेग आहे.

आता त्या खडकावरच्या एका फोडीकडे बघू. कैरीत पोटॅशियम असतं. निसर्गातल्या पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंमागे साधारण एक अणू पोटॅशियम-४० चा, म्हणजे किरणोत्सर्गी. खडकातही तो आहे, सोबत युरेनियम आणि थोरियमचे अंश आहेत. फोडी उलथणाऱ्या बाईच्या शरीरात याच पोटॅशियमचे दर सेकंदाला सुमारे चार हजार अणू फुटत असतात, आणि वरून, आभाळापलीकडून, विश्वकिरणांची न थांबणारी भुरभुर चालू असते. हवेत रेडॉन आहे. या सगळ्याला मिळून पार्श्वभूमीचा किरणोत्सर्ग म्हणतात. प्रयोगशाळेतली माणसं नुसतं ‘बॅकग्राउंड’ म्हणतात. जगभरातल्या माणसाला त्यातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट इतकी मात्रा मिळते, आणि त्यातला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या रेडॉनचा असतो.

सातपुड्याचा काळा खडक या बाबतीत अबोल आहे. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम, थोरियम, पोटॅशियम बऱ्यापैकी असतं, बेसाल्टमध्ये फार थोडं. म्हणून देशाच्या किरणोत्सर्गाच्या नकाशात दख्खनचा पट्टा सगळ्यात फिका उमटतो. ‘इथे कमी आहे’ हे आज आपण सहज म्हणून जातो. पण ते म्हणता यावं म्हणून कुणाला तरी मोजायला बसावं लागलं, आणि आपल्याकडे ती मोजणी खडकाच्या कुतूहलातून सुरू झालेली नाही. ती बॉम्बच्या धास्तीतून सुरू झाली.

तसं आभाळातून काहीतरी येतं हे आधीपासून माहीत होतं. ऑगस्ट १९१२ मध्ये व्हिक्टर हेस फुग्यात बसून पाच हजार मीटरच्या वर गेला आणि जितकं वर जावं तितका किरणोत्सर्ग वाढतो हे बघून खाली आला. होमी भाभांचं नाव जगात झालं ते याच विश्वकिरणांवरच्या कामामुळे, आणि मुंबईत त्यांनी उभ्या केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हा विषय घरचाच होता. मात्र हे सगळं आभाळाकडे तोंड करून चाललेलं विज्ञान होतं. जमिनीवर, लोकांच्या दुधात आणि भाजीत काय पडतं हे बघण्याची गरज आपल्याकडे कुणाला वाटलेली नव्हती.

१ मार्च १९५४ ला ती वाटली. त्या पहाटे अमेरिकेने पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. स्फोट अंदाजापेक्षा कितीतरी मोठा झाला. प्रवाळाची पांढरी राख दूरवर पडली आणि तिच्या माऱ्यात जपानची एक मासेमारी बोट सापडली. बोटीवर २३ कोळी होते. त्यांनी राख हाताने झटकली, ती केसात गेली, अन्नात गेली. बंदराला लागेपर्यंत सगळे आजारी. बोटीतला ट्यूना बाजारात गेला आणि जपानभर लोक मासळीपुढे मोजयंत्र धरू लागले. किरणोत्सर्ग ही युद्धातली गोष्ट न राहता बाजारातली गोष्ट झाली, ती इथे.

२ एप्रिलला नेहरू लोकसभेत उभे राहिले आणि निःशस्त्रीकरणाचा करार होईल तेव्हा होईल, तोवर निदान चाचण्या तरी थांबवा, असं म्हणाले. मोठ्या देशांनी ऐकलं नाही. पण नेहरूंनी घरात एक काम लावून दिलं: अणुस्फोटांचे परिणाम नेमके काय होतात ते शास्त्रज्ञांनी लोकांना समजेल असं लिहावं. दौलतसिंह कोठारींच्या देखरेखीखाली ते पुस्तक १९५६ मध्ये सरकारनेच छापलं, नेहरूंच्या प्रस्तावनेसह. सरकारी प्रकाशनांमध्ये इतकं निर्भीड आणि इतकं साधं पुस्तक नंतर फारसं झालं नाही, असं माझं मत आहे.

त्याच सुमारास, डिसेंबर १९५५ मध्ये, संयुक्त राष्ट्रांनी किरणोत्सर्गाच्या परिणामांचा अभ्यास करणारी एक वैज्ञानिक समिती नेमली. पंधरा देश, त्यात भारत. भारताच्या वतीने त्या समितीवर गेले डॉ. वसंत रामजी खानोलकर. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, पुढे १९६० च्या दशकाच्या आरंभी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. हा माणूस विकृतिशास्त्राचा. कर्करोग कुणाला, कुठे, कोणत्या सवयीमुळे होतो याच्या बारीक नोंदी काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. कमरेला धोतराची गाठ वर्षानुवर्षं घट्ट आवळल्याने त्याच जागी होणारा त्वचेचा कर्करोग त्यांनी वैद्यकाच्या जगापुढे ठेवला होता. अशा माणसाला समितीवर पाठवणं योग्यच होतं. किरणोत्सर्गाने काही होतं की नाही हे ठरवायचं तर आधी, किरणोत्सर्ग वाढण्यापूर्वी, किती होत होतं हे माहीत पाहिजे. हा हिशेब कर्करोगाच्या डॉक्टरला कुणी शिकवावा लागत नाही.

तो हिशेब हवेत मांडायचं काम ट्रॉम्बेत सुरू झालं. ट्रॉम्बेची अणुशक्ती संस्था १९५४ ची, आजचं भाभा अणुसंशोधन केंद्र. तिथली अप्सरा ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ ला चालू झाली आणि तिच्याबरोबर आरोग्य-भौतिकी, म्हणजे किरणोत्सर्गापासून बचावाचं शास्त्र, ही नवी शाखाही. अनिल कुमार गांगुली या रसायनशास्त्रज्ञाने ती भारतात रुजवली. हवेतल्या किरणोत्सर्गाच्या मोजणीची धुरा के. जी. व्होरा यांच्याकडे होती.

काम ऐकायला साधं आहे. पंपाने हवा ओढायची आणि गाळणकागदातून जाऊ द्यायची. दिवसभरात कागदावर धुळीचा करडा गोल उमटतो. तो मोजयंत्राखाली ठेवायचा. पण लगेच ठेवला तर यंत्र कडकडून वाजतं, आणि ते बॉम्बमुळे नसतं. हवेत रेडॉन आणि थोरॉन हे जमिनीतून झिरपणारे वायू असतात, त्यांच्या फुटण्यातून जन्मणारी पिल्लं धुळीला चिकटून कागदावर येतात. रेडॉनची अल्पायुषी पिल्लं काही तासांत मरतात. थोरॉनपासून होणारं शिसं चिवट, त्याचं अर्धायुष्य साडेदहा तासांच्या वर. म्हणून कागद उचलून ठेवायचा. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. जमिनीचा आवाज विझू द्यायचा. मग उरतो तो आवाज रशियाचा, अमेरिकेचा, आणि १९६४ च्या ऑक्टोबरनंतर चीनचा.

या थांबण्याचं मला नेहमी अप्रूप वाटतं. जगातल्या सगळ्यात मोठ्या स्फोटांची खबर काढायला माणसं फडताळात कागद ठेवून थांबत होती. १९६१-६२ मध्ये रशिया आणि अमेरिकेने चाचण्यांचा सपाटा लावला. ३० ऑक्टोबर १९६१ ला आर्क्टिकमधल्या नोवाया झेम्ल्यावर आजवरचा सर्वांत मोठा बॉम्ब फुटला. त्या सुमाराची धूळ वातावरणाच्या वरच्या थरात अडकली आणि पुढची दोन-तीन वर्षं पावसाबरोबर खाली येत राहिली, सगळीकडे, निवडून-वेचून नव्हे. स्ट्रॉन्शियम-९० गवतात, गवतातून दुधात, दुधातून पोरांच्या हाडात. सीझियम-१३७ मातीच्या वरच्या काही बोटांत. दोघांचं अर्धायुष्य तीस वर्षांच्या आसपास, म्हणजे त्या काळच्या पावसात पडलेला अंश अजून पुरता गेलेला नाही. सातपुड्यातल्या कुठल्याही न नांगरलेल्या उतारावरची माती घेऊन संवेदनशील यंत्रात ठेवली तर त्यात सीझियमची रेघ दिसेल, तशी ती जगातल्या कुठल्याही जुन्या कुरणात दिसते. भगर पेरणाऱ्या पावरा आदिवासीचा नोवाया झेम्ल्याशी एवढाच संबंध. १९६३ च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोत करार झाला, वातावरणातल्या चाचण्या बहुतेकांनी थांबवल्या. चीनने मात्र आपली शेवटची १९८० मध्ये केली.

बॉम्बची धूळ ओसरत असताना ट्रॉम्बेच्या लोकांना दुसरं काम आलं, आणि माझ्या मते त्यांच्या इतिहासातला सगळ्यात शहाणपणाचा भाग हाच. १९६३ मध्ये अमेरिकेशी करार होऊन त्या वेळच्या ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, तारापूरला, देशातलं पहिलं अणुवीज केंद्र बांधायचं ठरलं. वीज मिळायला लागली १९६९ मध्ये. पण केंद्र उभं राहत असतानाच, इंधनाची पहिली कांडी आत जाण्यापूर्वी, तिथे पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा काम करू लागली. तिने त्या काळात मोजलं ते ‘काहीच नाही’. म्हणजे अणुभट्टी नसताना तिथे काय आहे ते. विहिरीचं पाणी, भाताची माती, तांदूळ, भाजी, दूध, समुद्राचा गाळ, शेवाळ, शिंपल्या, मासळी. आणि बकऱ्याच्या गळ्यातली थायरॉइड ग्रंथी.

बकऱ्याची ग्रंथी कशाला, असं पहिल्यांदा वाचताना मलाही वाटलं होतं. अणुभट्टीतून हवेत सुटू शकणारं आयोडीन-१३१ गवतावर बसतं. बकरी दिवसभर ठिकठिकाणचं गवत ओरबाडते आणि त्यातलं बरंचसं आयोडीन त्या सुपारीएवढ्या ग्रंथीत साठवते. माणसाने मैलभर फिरून हजार जागचं गवत गोळा केलं असतं, त्यापेक्षा हे सोपं. म्हणून प्रयोगशाळेचा माणूस खाटकाकडे जाऊन ग्रंथी मागून आणतो आणि यंत्राखाली ठेवतो. या आयोडीनचं अर्धायुष्य आठ दिवस, तेव्हा दिरंगाई चालत नाही. कोट्यवधींची यंत्रं असलेल्या खात्याचा सगळ्यात भरवशाचा हेर एक बकरी असते, हे कुठल्याही कोकण्याला पटेल.

ही रीत पुढे नियम झाली. देशात जिथे अणुवीज केंद्र, तिथे आधी प्रयोगशाळा, तिथला आधीचा आकडा, आणि मग दर वर्षी त्याच विहिरी, तीच शेतं, त्याच जागी टांगलेले मात्रामापक. जनतेतल्या माणसाला केंद्रामुळे मिळणारी जादा मात्रा वर्षाला १ मिलिसिव्हर्टच्या आत असली पाहिजे, ही मर्यादा. नैसर्गिक मात्रेच्या निम्म्याहून कमी. ती पाळली जाते की नाही हे सांगायला नैसर्गिक मात्रा आधी माहीत हवी, एवढं साधं ते गणित.

यातलं एक न्यून लपवण्यात अर्थ नाही. मोजणारे आणि मोजले जाणारे एकाच छपराखालचे होते. प्रयोगशाळा भाभा केंद्राची, वीज केंद्रही अणुऊर्जा विभागाचं. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये आलं खरं, पण तेही सरकारी आदेशाने, कायद्याने नव्हे, आणि २०१२ मध्ये देशाच्या महालेखापरीक्षकांनी नेमकं यावरच बोट ठेवलं. तारापूरचे कोळी, पुढे जैतापूरचे आंबेवाले, आकडे खोटे आहेत असं म्हणण्यापेक्षा आकडे तुमचे आहेत असं जास्त म्हणत आले. या दोन तक्रारी वेगळ्या आहेत आणि दुसरीला उत्तर देणं जास्त कठीण.

केंद्रांभोवतीचं झालं. उरलेल्या देशाचं काय? ते काम झालं एका पांढऱ्या पुडीमुळे. कॅल्शियम सल्फेट, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसच्या कुळातला पदार्थ, त्यात डिस्प्रोसियम या धातूचा चिमूटभराहून कमी अंश. हे चूर्ण टेफ्लॉनमध्ये दाबून रुपयाहून लहान चकती करतात. चकतीवर किरणोत्सर्ग पडला की तिच्या स्फटिकात ऊर्जा अडकून राहते, दिवसेंदिवस, महिनोन्महिने. नंतर चकती तापवली की ती अडकलेली ऊर्जा उजेड होऊन बाहेर पडते. उजेड किती, त्यावरून मात्रा किती. याला वीज लागत नाही, माणूस लागत नाही, आवाज नाही. अणुकेंद्रातले कामगार छातीला लावतात तो टीएलडी बिल्ला हाच. झाडाला टांगून ठेवा, तीन महिन्यांनी उतरवा.

अशा चकत्या देशभर ठेवून के. एस. व्ही. नंबी, बापट, सोमण आदींनी जो अहवाल तयार केला तो १९८६ मध्ये आला. देशात उघड्यावर मिळणारी मात्रा वर्षाला सरासरी सुमारे ७७५ मायक्रोग्रे (ग्रे हे शोषलेल्या मात्रेचं एकक), असा त्याचा निष्कर्ष होता. सरासरी म्हटली की दोन्ही टोकं झाकली जातात. एक टोक केरळच्या किनाऱ्यावर, चवरा-करुनागपल्लीला. तिथली काळपट वाळू मोनाझाइटची, थोरियमने भरलेली. कोळ्यांची घरं त्या वाळूवरच. काही जागी मात्रा वर्षाला ७० मिलिग्रेपर्यंत जाते. तिथे १९९० पासून कर्करोगाची नोंदणी ठेवली गेली, सुमारे ७० हजार माणसांचा दहा वर्षांहून अधिक माग काढला, आणि २००९ मध्ये छापलेल्या निष्कर्षात किरणोत्सर्गामुळे कर्करोग वाढल्याचं आढळलं नाही. या निष्कर्षावर उड्या मारणारेही आहेत आणि नाक मुरडणारेही. मला त्यातली चिकाटी भावते.

दुसरं टोक आपलं. १९८६ मध्येच भाभा केंद्राच्या आणखी एका अहवालात भूरचनेवरून युरेनियम, थोरियम, पोटॅशियम कुठे किती असेल याचा आराखडा मांडला गेला, कारण देशाच्या प्रत्येक डोंगरावर चकती टांगणं शक्य नव्हतं. खडक ओळखा, मात्रा कळेल. दख्खनच्या लाव्ह्यावर बोट ठेवलं की उत्तर ठरलेलं: कमी. महाराष्ट्राचा बहुतेक भाग, आणि त्यात सातपुड्याचा हा कोपराही, एका रंगात मोकळा झाला. तोरणमाळला हजार मीटरच्या वर आभाळातून येणारा वाटा थोडा जास्त, समुद्रकाठी थोडा कमी, बाकी सारखं. आणि घरातला रेडॉन? तो कोंडलेल्या खोलीत साठतो. बांबूच्या कुडाच्या घरात, जिथे भिंतीतून चांदणं दिसतं, तिथे त्याला साठायला जागाच नाही. पावऱ्याच्या घरात वारा शिरतो याचा निदान एक फायदा.

१९८६ हे साल लक्षात राहतं ते मात्र या अहवालांमुळे नव्हे. २६ एप्रिलला चेर्नोबिलची चौथी भट्टी फुटली. मे महिन्यात मुंबईच्या हवेतही तिचा अगदी क्षीण माग लागला, गाळणकागदावर, जुन्या पद्धतीने. खरी खळबळ पुढे माजली, आणि ती हवेतून नाही, बोटीतून आली. युरोपच्या आर्थिक समुदायाने मदत म्हणून दिलेलं आयर्लंडचं २०० टन लोणी मुंबईत आलं. आयर्लंडच्या कुरणांवर चेर्नोबिलचं सीझियम पडलेलं. हे लोणी मुंबईच्या दुधात मिसळून पोरांना पाजणार, या भीतीने एका डॉक्टरांसह काही नागरिक मुंबई उच्च न्यायालयात गेले, तिथून सर्वोच्च न्यायालयात.

न्यायालयापुढचा प्रश्न वरवर सोपा होता: सुरक्षित आहे की नाही? न्यायाधीशांनी तीन तज्ज्ञांची समिती नेमली. समितीने सांगितलं, नियामक मंडळाने २७ ऑगस्ट १९८७ ला ठरवलेल्या मर्यादेत असेल ते खायला हरकत नाही. ११ जानेवारी १९८८ ला याचिका निकालात निघाली. पण त्या तारखेकडे बघा. चेर्नोबिल एप्रिल ८६, मर्यादा ऑगस्ट ८७. सोळा महिने. विज्ञानाच्या दृष्टीने ती मर्यादा बरोबरच असेल. पण लोणी गोदीत येऊन पडण्याच्या काळात ठरलेल्या मर्यादेवर दादरच्या आईने विश्वास का ठेवावा, याचं उत्तर मापनशास्त्रात नसतं. तारापूरची शिस्त इथे पाळली गेली नव्हती. आकडा आधी असायला हवा होता.

आता मला १९९२ कडे यायचं आहे, आणि त्यासाठी मोलगीकडे परतायचं आहे.

सातपुड्याच्या दक्षिण उताराचं पाणी तापीला जातं, उत्तर उताराचं नर्मदेला. तापी प्रकाशा गावावरून पुढे उकाईच्या जलाशयात शिरते. उकाई धरण १९७२ चं, त्याच्या फुगवट्याने आपल्याकडचीही गावं गेली. तिथून खाली काकरापार. मोलगीपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास, गुजरातच्या हद्दीत, तिथे अणुवीज केंद्र उभं राहिलं आणि ३ सप्टेंबर १९९२ ला त्याची पहिली भट्टी चालू झाली. रीतीप्रमाणे तिच्याही आधी प्रयोगशाळा होती, तापीचं पाणी, काठची माती, दूध, धान्य मोजत. म्हणजे उकाईखालच्या चौधरी-गामितांच्या शेतातल्या भाजीत सीझियम किती, हे भट्टी पेटण्याआधी सरकारदरबारी नोंदलेलं होतं.

त्याच वर्षी, अडीचच महिने आधी, १८ जूनला एक दुसरा अहवाल प्रसिद्ध झाला होता. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणासाठी कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेने धरणविरोधी आंदोलनाच्या रेट्यामुळे स्वतंत्र समिती नेमली होती. अध्यक्ष अमेरिकेचे ब्रॅडफर्ड मोर्स, सोबत कॅनडाचे थॉमस बर्जर. नर्मदेच्या बाजूला मणिबेलीपासून वर अक्कलकुवा-अक्राणीतली महाराष्ट्राची ३३ आदिवासी गावं बुडणार होती, आणि त्यांचा बाजार, दवाखाना, एसटी म्हणजे मोलगी आणि धडगाव. समितीने जे म्हटलं त्याचा गाभा असा: इथे कोण राहतं, किती राहतात, जमीन कुणाची, नदीतली मासळी किती, जंगल कोणतं, खालच्या अंगाला काय होईल, याची पुरेशी मूळ नोंदच कुणी केलेली नाही. १९८७ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने प्रकल्पाला मंजुरी दिली तेव्हाही अभ्यास अपुरे होते. ते बांधकामाबरोबर होत राहतील, या अटीवर ती दिली गेली. धरणाची उंची आणि अभ्यासाची उंची बरोबरीने वाढणार होती. धरण वाढलं.

एका नदीवर बकऱ्याची ग्रंथी मोजली जात होती. दुसऱ्या नदीवर माणसं मोजायची राहून गेली होती. मधे सातपुड्याचा एक कणा. मार्च १९९३ अखेरीस भारताने बँकेचं उरलेलं कर्ज नाकारलं, त्याच पावसाळ्यात मणिबेलीत पाणी शिरलं, आणि पुढची दहा-वीस वर्षं ‘घोषित’ आणि ‘अघोषित’ हे दोन शब्द या डोंगरात जातीच्या दाखल्यासारखे वापरले गेले. कुणाचं नाव यादीत होतं, कुणाचं राहिलं, कुणाची जमीन वनखात्याच्या कागदावर होती. अणुवाल्यांनी सगळं ठीक केलं आणि धरणवाल्यांनी सगळं चुकवलं असं मला म्हणायचं नाही. तारापूरच्या विस्तारात पोफरण-अक्करपट्टीची माणसंही उठवली गेलीच. पण एका विज्ञानाने, निदान आपल्या मोजपट्टीपुरतं, ‘आधी’ नावाची गोष्ट मानली होती. ती मानायला युरेनियम लागत नाही.

काकरापारचं पुढचं थोडक्यात. १९९४ च्या जूनमध्ये पुराचं पाणी तिथल्या टर्बाइनच्या इमारतीत शिरलं. ११ मार्च २०१६ ला, फुकुशिमाच्या दुर्घटनेला बरोबर पाच वर्षं होत असताना, पहिल्या भट्टीच्या एका शीतक नळीतून जड पाणी गळलं आणि भट्टी बंद झाली. बाहेरचा किरणोत्सर्ग नेहमीइतकाच असल्याचं अधिकृत निवेदन निघालं. ‘नेहमीइतका’ या शब्दामागे तीसेक वर्षांच्या नोंदी होत्या, म्हणून तो शब्द उच्चारता आला.

चेर्नोबिलने आणखी एक बदल घडवला. तीन-तीन महिन्यांनी चकती उतरवून चालणार नाही, आत्ता या क्षणी काय चाललंय ते कळायला हवं, हे अनेक देशांनी मनावर घेतलं. भाभा केंद्राने त्यासाठी देशभराचं एक जाळं विणलं. आयर्मॉन हे त्याचं नाव. पहिली ठाणी थोडी होती, आज ती शेकड्यांत आहेत. एका खांबावर गायगर नळ्यांची पेटी, वर सौर पट्टी, आत बॅटरी, आणि मोबाइलच्या जाळ्यातून थोड्या थोड्या वेळाने ट्रॉम्बेला जाणारा आकडा. गाळणकागद फडताळात ठेवून थांबण्यापासून इथवर साठ वर्षं. मोबाइलवर चालणाऱ्या या पेटीची सातपुड्यात काय गत होईल, हे रेंजसाठी टेकडी चढून हात वर करणाऱ्या कुणालाही विचारा.

या पेट्यांचा आलेख बहुतेक वेळ सपाट असतो, बघणाऱ्याला पेंग यावी इतका. हिवाळ्यात वारा जमिनीवरून येतो, रेडॉन घेऊन येतो, रेघ किंचित वर. मोसमी वारा समुद्रावरून येतो, समुद्रात रेडॉन जवळजवळ नसतो, रेघ किंचित खाली. एकदाच ती अचानक उसळते, आणि नव्या माणसाला घाम फुटतो. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस पडतो तेव्हा. हवेत तरंगणारी रेडॉनची पिल्लं पावसाच्या थेंबांबरोबर एकदम जमिनीवर येतात, आणि यंत्राखालची ओली माती तासभर जास्त बोलते. जुना माणूस आधी खिडकीबाहेर बघतो, मग आलेखाकडे. दीड-दोन तासांत ती पिल्लं मरतात आणि रेघ जागेवर येते.

मोलगीच्या वाटेवर तोवर खडक रिकामा झालेला असतो. ढग भरून आले की बाया पोती घेऊन धावतात, वाळल्या-अर्ध्यावाळल्या फोडी दोन्ही हातांनी लोटून भरतात, कारण भिजलेलं आमचूर काळं पडतं आणि व्यापारी त्याचा भाव पाडतो.